आठल्ये सर, एकही प्रश्न कोरा नव्हता

सर, रविवारी तुमची शोकसभा झाली. पार्ल्यात, तुमच्या बिल्डिंगच्या मागच्या शाळेच्या हॉलमध्ये. माइक खरखरत होता, तुमचा फोटो टेबलावर तिरका ठेवला होता आणि तो सरळ करायचं कुणाच्याही डोक्यात येत नव्हतं. तुम्ही असतात तर स्वतः उठून सरळ केला असतात आणि वर सगळ्यांना झापलं असतंत. मी तिसऱ्या रांगेत बाबांच्या शेजारी बसले होते. मला तुमचा इतका राग आला होता की रडूच येईना. बाजूच्या बाई रुमाल पुढे करत होत्या. मी म्हटलं, नको, मला सर्दी नाहीये.

राग कशाचा, ते सांगते. निनादचे बाबा बोलायला उभे राहिले. निनाद म्हणजे माझ्या मागच्या बॅचचा, गेल्या जूनमध्ये तुमच्याकडून काढून मोठ्या क्लासला घातलेला. त्याचे बाबा बँकेत आहेत, चार लोकांत बोलायची सवय आहे. म्हणाले, "आठल्ये सर म्हणजे तत्त्वाचे पक्के. येत नसेल तर अंदाजे उत्तर द्यायचं नाही, जागा कोरी सोडायची, हे त्यांचं तत्त्व. आता त्यापायी एका मुलीची सीट गेली, हे आपल्याला माहीतच आहे. पण आज तो विषय काढायला नको." काढायला नको म्हणत काढलाच ना! आणि अख्खा हॉल माना हलवतोय, हो हो, बिचारी मुलगी. काकू पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी मान हलवली नाही.

ती बिचारी मुलगी म्हणजे मी, मयुरी. आणि ती गोष्ट धडधडीत खोटी आहे. मी बनवलेली. तुम्हाला हे ठाऊक होतं आणि तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत. वर्षभर नाही बोललात. आणि आता मेलात! ही काय पद्धत झाली, सर? भांडण अर्ध्यात टाकून कुणी उठतं का?

आपली ओळख बाबांनी करून दिली. बाबा लिफ्टच्या मेंटेनन्सला आहेत, तुमच्या बिल्डिंगची लिफ्ट त्यांच्याकडेच. एकदा सेक्रेटरी घाईत होते, म्हणाले, अहो टाका सही रजिस्टरमध्ये, लिफ्ट तर चालतेय. बाबा म्हणाले, "बघल्याशिवाय मी सही करूचंय नाय." मालवणी बाहेर आली म्हणजे बाबा इरेला पेटलेत असं समजायचं. तुम्ही तळमजल्याच्या तुमच्या दारात उभे राहून ऐकत होतात. त्यांना आत बोलावलंत, चहा दिलात आणि सांगितलंत की मीही बिस्किटांच्या कारखान्याच्या लॅबमध्ये तीस वर्षं हेच केलं, आता घरीच पोरांना शिकवतो. त्या दिवशी बाबा घरी आले ते तुमचंच कौतुक घेऊन. "मयू, माणूस सापडला. बारावीचं आणि सीईटीचं, दोन्ही त्यांच्याकडे." मी अंधेरीच्या मोठ्या क्लासचं ब्रोशर आणून ठेवलं होतं. ते बाबांनी डब्याखाली अंथरलं.

पहिल्या दिवशी तुम्ही मला विचारलंत, फार्मसीच का? मी म्हटलं, सरकारी कॉलेजात सीट मिळाली तर चांगलं असतं म्हणून. तुम्ही म्हणालात, "हे उत्तर आहे की तुक्का?" मग ती रजिस्टरची गोष्ट सांगितलीत. ती मी त्यानंतर निदान पन्नास वेळा ऐकली असेल.

"लॅबमध्ये दर तासाला पिठाचा ओलावा मोजून रकान्यात लिहायचा. कधी मोजायचा राहिला, मशीन बिघडलं, माणूस चहाला गेला, काही का असेना, रकाना कोरा ठेवायचा आणि बाजूला कारण लिहायचं. अंदाजे आकडा टाकणाऱ्या दोघांना मी घरी पाठवलंय. कोरा रकाना दिसतो गं. अंदाजाचा आकडा दिसत नाही. तो सरळ पुड्यात जातो आणि पुड्यातून कुणाच्या तरी पोटात. आणि तू तर औषधं करायला निघालीस."

म्हणून तुमच्याकडे नियम असा, की सराव पेपरात जे येत नाही तिथे पर्यायावर खूण करायची नाही. प्रश्नापुढे लिहायचं, 'माहीत नाही'. निळ्या पेनाने. पूर्ण. मी पहिल्याच दिवशी 'मा.ना.' लिहिलं तर तुम्ही पेपर परत केलात. "दोन अक्षरांत लाज लपते. पूर्ण लिही." पन्नास प्रश्नांत मी एकतीस वेळा 'माहीत नाही' लिहिलं, हात दुखायला लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि तुम्ही काय केलंत? आत ओरडून सांगितलंत, "अगं ऐकलंस का, एकतीस भोकं सापडली! चहा टाक!" माणसं पोरांचे मार्क सांगतात, तुम्ही भोकं सांगत होतात. काकू खरंच चहा घेऊन आल्या, आणि चिवडा. बिस्किटं तुमच्या घरात कधी दिसली नाहीत. तुम्ही म्हणायचात, तीस वर्षांत नाकाने खाऊन झालीत.

मी तुमच्याशी वाद घालायचे. तो वाद आपला कधी संपलाच नाही. मी म्हणायचे, सर, सीईटीला चुकीच्या उत्तराचे मार्क कापत नाहीत. तिथे सगळे तुक्का मारणारच. मग सराव नको का? तुम्ही म्हणायचात, "तुक्क्याचा सराव लागत नाही, बाई. तो जन्मतःच येतो. तिथे खुशाल मार. पण इथे, माझ्या टेबलावर, मला भोकं बघायची आहेत. तू ती बुजवून आणलीस तर मी शिकवू काय, कपाळ?" मला ते ऐकताना इतकं जुनाट वाटायचं! ऋतुजा, माझी कॉलेजची मैत्रीण, मोठ्या क्लासला होती. दर सोमवारी ग्रुपवर तिच्या टेस्टचे आकडे यायचे. बेचाळीस, चव्वेचाळीस. आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काय, तर या आठवड्यात भोकं फक्त तेवीस. हसतील ना लोक.

आता पुढचं लिहायला मला एक तास लागलाय, म्हणून एका दमात लिहिते. जानेवारीपासून मी फसवलं. तुम्ही पेपर घरी द्यायचात, "घड्याळ लाव आणि सोडव," एवढंच सांगायचात. बघायला कोण होतं? पहिल्यांदा दोन पर्याय गाळून उरलेल्या दोनांतून एक निवडला. तो बरोबर आला. मग सवय लागली. मग जे मुळीच येत नव्हतं ते फोनवर शोधलं. दिसायला बरं म्हणून काही ठिकाणी 'माहीत नाही' लिहून ठेवायचे, तेही सोप्या ठिकाणी, म्हणजे तुम्ही लगेच शिकवाल आणि मी लगेच समजल्यासारखं करीन. भोकं तेवीसची अकरा झाली, अकराची सात, सातची चार. चार आली त्या दिवशी तुम्ही बाबांना फोन केलात. "तुमच्या मुलीचं रजिस्टर आता भरत आलंय." बाबा फोन ठेवून तसेच खिडकीपाशी उभे राहिले. काकूंनी त्या आठवड्यात ओल्या नारळाच्या करंज्या केल्या आणि डबा भरून दिला. मी त्या खाल्ल्या. सगळ्या खाल्ल्या, सर, आणि एकही घशात अडकली नाही.

तुम्हाला कळायला हवं होतं. हा माझा पहिला राग. तीस वर्षं खोटे आकडे पकडणारा माणूस, आणि समोर बसलेली सतरा वर्षांची पोरगी पकडता येईना? की माझ्यावर विश्वास ठेवायचा असं ठरवूनच बसला होतात?

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी पाया पडायला आले. तुम्ही पाया पडू दिलं नाहीत, दारापर्यंत सोडायला आलात आणि म्हणालात, "उद्या एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही हं. माझा नियम माझ्या टेबलापुरता. तिथे सगळं भरून यायचं." काकू मागे उभ्या होत्या. त्याही म्हणाल्या, "ऐकलंस ना? नाहीतर सवयीने सोडून येशील." मी म्हटलं, ऐकलं. आणि मी सगळं भरून आले. दोनशे प्रश्न, दोनशे उत्तरं. स्क्रीनवर एकही जागा रिकामी नव्हती. भोकं होती तिथेच होती, जानेवारीपासून हात न लागलेली.

निकाल लागला. बासष्ट पर्सेंटाइल. सरकारी कॉलेज सोडा, कुठलंच बरं कॉलेज त्यात बसत नव्हतं. बाबा फोनवर आकडा परत परत बघत होते, म्हणाले, "पण सर तर म्हणत होते, चारच भोकं राहिली." आणि मी, सर, मी विचार केला नाही. तोंडातून निघून गेलं. म्हटलं, "सरांनी सवय लावली ना कोरं सोडायची. मी जे येत नव्हतं ते कोरं सोडलं. खूप सोडले." खोटं सांगताना लोक अडखळतात म्हणे. मी अजिबात अडखळले नाही. चार महिने रोज निळ्या पेनाने तोच सराव झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा तुमच्या दारात. मीही मागे. मला घरी बसवत नव्हतं, आणि आत यायचंही धाडस नव्हतं, म्हणून उंबऱ्याशी उभी राहिले. बाबा तुमच्याशी कायम शुद्ध बोलायचा प्रयत्न करायचे, तो त्या दिवशी सुटला. "माझ्या चेडवाचा, मयूचा, अख्खा वर्स फुकट गेला! मार्क कापणत नाय, तरी कोरा सोडूक शिकवलात? तुमका कळाक नको?" काकू पुढे आल्या. "अहो, ह्यांनी तर तिला आदल्या दिवशी..." तुम्ही त्यांच्याकडे न बघता म्हणालात, "चहा ठेव." मग माझ्याकडे बघितलंत. एकदाच, आणि तेही फार वेळ नाही. मला वाटलं, आता सांगणार. मला खरंच वाटत होतं की सांगावं. पायाखालची फरशी मोजत होते मी. आणि तुम्ही बाबांना म्हणालात, "चूक माझी आहे. मी नीट सांगायला हवं होतं."

हा माझा दुसरा राग, आणि हाच मोठा. कुणी सांगितला होता तुम्हाला हा मोठेपणा? तुम्ही बोलला असतात तर बाबांनी मला तिथेच एक ठेवून दिली असती, मी रडले असते, संध्याकाळपर्यंत सगळं मिटलं असतं आणि पुढच्या आठवड्यात मी परत तुमच्या टेबलावर असते, एकतीसपासून सुरुवात. त्याऐवजी तुम्ही माझं खोटं तुमच्या नावावर घेतलंत. खोटा आकडा टाकला म्हणून दोन माणसांना घरी पाठवणारे तुम्ही! माझा आकडा कसा चालला तुम्हाला?

आणि त्याने झालं काय ते बघितलंत ना. बाबा ज्या ज्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट बघायला जातात तिथे तिथे त्यांनी सांगितलं. त्यांना कळवळूनच सांगायचं होतं, की बाबांनो, आपल्या पोरांना नीट विचारा. निनाद गेला. मग त्या दोघी बहिणी गेल्या. मग तो खारदांड्याहून सायकलवर येणारा मुलगा, ज्याला तुम्ही भूगोलही शिकवायचात, तोही गेला. पाचांतले चार गेले. बाबांनी तुमच्या बिल्डिंगचं काम दुसऱ्या मेकॅनिककडे दिलं. तुमच्याकडचा चहा सुटल्याचं दुःख त्यांना होतं, ते मला दिसायचं. लिफ्टच्या रजिस्टरचा विषय निघाला की अर्ध्यात सोडून पान्ह्यांची पिशवी आवरायला घ्यायचे. दोन माणसांची दोस्ती मी एका वाक्यात मोडली आणि दोघांपैकी कुणीही मला काही बोललं नाही.

बाबांनी मला मग त्या मोठ्या क्लासला घातलं, ब्रोशरवाल्या. तिथे एका रविवारी खास लेक्चर होतं, तुक्का कसा मारायचा याचं. खरंच! टाय लावलेला माणूस, मागे मोठा स्क्रीन. सगळ्यात लांबलचक पर्याय निवडा, 'वरीलपैकी सर्व' दिसलं की डोळे मिटून मारा. दोनशे पोरं भराभर उतरवून घेत होती. मी बाहेर आले आणि जिन्यात बसून राहिले. तुमच्यावर भडकले होते. या माणसाला तुम्ही दोन मिनिटांत गप्प केलं असतंत आणि मी पहिल्या बाकावरून बघितलं असतं, असं काहीतरी वाटत होतं, आणि ते वाटतंय म्हणून अजून भडकले.

ऑगस्टमध्ये तुमचा मेसेज आला. "दुसरा प्रयत्न देणार आहेस ना? बुधवारी चार वाजता मी मोकळा असतो." वर ना 'प्रिय' ना खाली नाव. मी वाचला. निळ्या खुणा गेल्या असणार तुम्हाला. उत्तर दिलं नाही. दिवाळीत परत, "बुधवार, चार." फेब्रुवारीत परत एकदा. मला वाटायचं, परीक्षा होऊ दे, चांगले मार्क पडू देत, मग पेढे घेऊन जाईन आणि पेढ्यांबरोबर सांगून टाकीन. नुसतं रिकाम्या हातांनी खरं सांगायची हिंमत नव्हती. तुम्ही थांबाल असं मी गृहीत धरलं. तुम्ही ते गृहीत धरू द्यायला नको होतं. दम लागतोय, दोन पावलं चालवत नाही, हे त्या मेसेजमध्ये लिहायला किती अक्षरं लागली असती?

तर शोकसभा. शेवटी दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं. मी उभी राहिले, खाली बसले, आणि सगळ्यांबरोबर बाहेर पडले. काही बोलले नाही. मी तशीच आहे, सर, सुधारलेली वगैरे नाहीये. बाबा रिक्षा बघत होते. म्हणाले, "निनादच्या वडलांनी तो विषय काढायला नको होता. माणूस गेला. शेवटी चूक कुणाचीही होते. मी जरा जास्तच बोललो त्या दिवशी." रिक्षा समोर येऊन थांबली. आणि मी म्हटलं, "बाबा, मी एकही कोरा सोडला नव्हता."

बाबा म्हणाले, "काय?"

मी सगळं सांगितलं. जानेवारीपासून. करंज्यांसकट. रिक्षावाला दोनदा म्हणाला, बैठना है या नहीं, आणि निघून गेला. बाबांनी हात उचलला नाही. मला वाटलं होतं उचलतील, मी चष्माही काढून ठेवला होता. ते फार हळू म्हणाले, "मी त्या माणसाच्या घरात जावन त्याका बोललंय. आणि तू थंयच उभी होतंस." मग माझं मनगट धरलं आणि उलट्या पावली हॉलकडे निघाले.

आत खुर्च्या आवरत होते. निनादचे बाबा काकूंशी बोलत होते. बाबांनी मला पुढे केलं, म्हणाले, "सांग. मघाशी सगळ्यांसमोर बोलले ना ते, आता तू यांच्यासमोर सांग." मी सांगितलं. पूर्ण सांगितलं, दोन अक्षरांत नाही. निनादचे बाबा ऐकून म्हणाले, "आता सांगून काय उपयोग, बाळा? आता तर हॉल रिकामा झाला." बरोबरच होतं त्यांचं. मी त्यांचा रागसुद्धा धरू शकत नाही. बाबा काकूंसमोर हात जोडून उभे होते.

काकू म्हणाल्या, "त्यांना माहीत होतं हो. तुम्ही दारात आलात ना, त्याच्या आदल्या दिवशीच माहीत होतं." आणि मला म्हणाल्या, "घरी चल. तुझं एक राहिलंय माझ्याकडे."

माझा सीईटीचा फॉर्म तुमच्याच कॉम्प्युटरवर भरला होता, हे मी विसरूनच गेले होते. पासवर्ड तुमच्या डायरीत होता. कुठल्या प्रश्नाला मी काय उत्तर दिलं, ते सगळं सीईटीच्या साइटवर दिसत होतं. तुम्ही निकालाच्या दिवशीच त्याची प्रिंट काढलीत. काकूंनी दिलेल्या फायलीत ती होती. दोनशे प्रश्न, एकही कोरा नाही, आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तरापुढे तुमच्या अक्षरात, निळ्या पेनाने, पूर्ण: माहीत नाही. एकशे अकरा वेळा. मी चार महिने जे लिहिलं नव्हतं ते तुम्ही बसून माझ्या वतीने लिहिलंत. आणि बरोबर आलेल्या नऊ उत्तरांपुढेही तेच लिहिलं होतं. नऊच्या नऊ तुक्के होते, सर. एकही तुमच्या नजरेतून सुटला नव्हता.

फायलीत शेवटी एक आखलेला कागद होता. डाव्या बाजूला बुधवार, एकेका तारखेनिशी, ऑगस्टपासून यावर्षीच्या परीक्षेपर्यंत. मधल्या रकान्यात त्या बुधवारचा धडा, माझ्या भोकांच्या क्रमाने. उजवीकडचा रकाना हजेरीचा. तो वरपासून खालपर्यंत कोरा होता आणि तुम्ही होतात तोपर्यंतच्या प्रत्येक कोऱ्या चौकटीच्या बाजूला कारण लिहिलं होतं. आली नाही. आली नाही. आली नाही. दिवाळीच्या आठवड्यातसुद्धा, आली नाही. काकू म्हणाल्या, "दर बुधवारी चार ते पाच टेबलापाशी बसायचे. दुसरं काही करायचे नाहीत. पाच वाजले की लिहायचे आणि उठायचे." बाबा तो कागद हातात घेऊन उभे होते. बाबांना रजिस्टर वाचता येतं. ते खाली बसले आणि मोठ्याने रडले, तुमच्या खुर्चीत नाही, बाजूच्या.

मी नाही रडले. मी अजून चिडलेलीच आहे. चौतीस बुधवार! एक फोन करून मला शिव्या घालता येत नव्हत्या? बाबांना खरं सांगता येत नव्हतं? का गप्प बसलात? मला वाचवायचं होतं, की बापासमोर पोरीची लाज काढायला नको वाटलं, की माझ्याकडून ऐकायचं होतं म्हणून थांबलात, की तुम्हाला खरोखरच चूक तुमची वाटली, चार महिने खोटं रजिस्टर तुमच्या टेबलावर येत होतं आणि तुम्ही सह्या करत होतात म्हणून? चार पर्याय आहेत. तीन दिवस मी कुठलातरी एक निवडायला बघतेय, म्हणजे मला झोप तरी लागेल. पण ते परत तेच झालं असतं. म्हणून तुमच्या नियमाने, पूर्ण लिहिते. माहीत नाही.

आज बुधवार. चार वाजता मी काकूंकडे गेले. टेबलावर तेच फुलाफुलांचं मेणकापड होतं. आजच्या तारखेपुढे तुम्ही लिहून ठेवलाय तो मोल संकल्पनेचा धडा, तिसऱ्यांदा. मी पन्नास प्रश्नांचा पेपर सोडवला, घड्याळ लावून, फोन काकूंकडे देऊन. अडतीस भोकं निघाली. पहिल्या दिवसापेक्षा सात जास्त. काकूंना ओरडून सांगितलं. त्यांनी चहा टाकला.

पाच वाजता तो आखलेला कागद पुढे ओढला. हजेरीची चौकट भरायचा अधिकार माझा नाही, ती तुम्ही भरायची. म्हणून कोरी ठेवली, आणि बाजूला कारण लिहिलं. मी आले होते. सर नव्हते.